पहिल्या वर्षाच्या मुलांना गेटवरून परत पाठवू नका

गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, तिथले टीपीओ (ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकारी) आणि औद्योगिक वसाहतींतले कारखानदार यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन आहे. आयटीआय करून कामाला लागलो, त्याला २६ वर्षं झाली. माझी मुलगी यंदा इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष पास झाली. तिची शाखा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. हे पत्र मी पाकिटात घालून तिच्या कॉलेजात नेऊन देऊ शकलो असतो. पण ज्या मुलांविषयी लिहितोय ती एकाच कॉलेजातली नाहीत आणि त्यांचे आईबापही आजवर माझ्यासारखेच गप्प राहिलेत, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितो.

निमित्त एका नोटिशीचं. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा आठवड्यावर आलेली असताना मुलीच्या कॉलेजात फलकावर कागद लागला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र मिळणार नाही, त्यासाठी कोणी ऑफिसात येऊ नये. दोन ओळी, खाली सही. कारण लिहिलेलं नव्हतं. मुलगी विचारायला गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं, "तुम्हाला अजून काही येत नाही. तिसऱ्या वर्षी या."

हे उत्तर मला चांगलं ओळखीचं आहे, कारण मीही ते वर्षानुवर्षं देत आलो. एखादा मुलगा वडिलांबरोबर गेटवर यायचा, सिक्युरिटीचा फोन माझ्याकडे यायचा. मी विचारायचो, कितवं वर्ष? पहिलं म्हटलं की "फुडल्या वर्सा यो" म्हणून सांगायचो आणि फोन ठेवायचो. तो मुलगा पावसात भिजत आला होता की तीन बस बदलून आला होता, हे कधी विचारलं नाही. यंदा ते उत्तर माझ्या घरात आलं, जेवणाच्या ताटावर आलं.

मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून २१ ठिकाणी अर्ज केले. कुंडई, मडकई, बेतोडा, वेर्णा. १६ ठिकाणांहून काहीच उत्तर आलं नाही. चार ठिकाणी तिसऱ्या वर्षाचीच मुलं हवी होती. एका ठिकाणच्या एचआर मॅडम मात्र म्हणाल्या, "कॉलेजचं पत्र आणा, आठ-दहा दिवस बघू देऊ." म्हणजे एक दार उघडलं होतं. ते कॉलेजच्या नोटिशीने लागलं.

मग मी आमच्या मॅनेजर साहेबांना विचारलं. २६ वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ते लगेच हो म्हणाले, १२ दिवस. कॉलेजचं पत्र लागलं नाही, माझा शब्द चालला.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. माझ्या मुलीला गेटपास मिळाला तो तिच्या मार्कांवर नाही, तिने लिहिलेल्या अर्जावर नाही, बाप आत नोकरीला आहे म्हणून. मला त्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला लाजही वाटली. कारण तिच्याच बाकावर बसणारी तिची मैत्रीण सत्तरी तालुक्यातल्या खाणपट्ट्यातली. वडिलांचा ट्रक खनिजवाहतुकीला होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, काही वर्षांनी ट्रक विकला, आता ते दुसऱ्याची गाडी चालवतात. घरात इंजिनियर नाही, नात्यात कारखानदार नाही. ओळख नावाची वस्तू त्या घरात कुठून येणार? त्या मुलीने इंटरनेटवर एक जाहिरात पाहिली आणि घरून ३,५०० रुपये मागून घेऊन चार आठवड्यांची "ऑनलाइन इंटर्नशिप" घेतली. मुलाखत नाही. पैसे भरले त्याच संध्याकाळी ऑफर लेटर. त्यानंतर व्हिडिओच्या काही लिंका, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सगळ्यांना एकच असाइनमेंट, आणि महिन्याच्या शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. तिला शिकवणारा माणूस कोण होता, त्याचं नावसुद्धा तिला माहीत नाही.

आणि प्राचार्य महोदय, त्या सर्टिफिकेटला कॉलेजने अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या कामाचे गुण, दिले. कारखान्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला दोन ओळींचं पत्र नाकारलं, आणि विकत आणलेला कागद फाइलला लावून घेतला. माझ्या मुलीने १२ दिवस जे केलं त्याला पॉइंट नाहीत, कारण तिच्याकडे कॉलेजचं आधीचं परवानगीपत्र नव्हतं. या गोष्टीचा मला जितका त्रास झाला तितका नोटिशीचाही झाला नाही.

आता त्या १२ दिवसांविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण "पहिल्या वर्षाला काही येत नाही" या वाक्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

पहिले दोन दिवस ती नुसती बघत होती. सेफ्टी शूज पायाला मोठे होते, आत दोन मोजे घातले. तिसऱ्या दिवशी काय काम द्यावं सुचेना म्हणून मी तिच्याकडे ब्रेकडाउनचं रजिस्टर दिलं. आमच्याकडे ते अजून हाताने लिहितात. कुठलं मशीन, किती वाजता बंद पडलं, काय केलं, किती वाजता सुरू झालं. तीन महिन्यांची पानं तिने कंप्युटरवर उतरवली. हे काम आमच्यातल्या कुणाला करायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर करावंसंही वाटलं नव्हतं.

पॅकिंग लाइनवर आमचा एक काउंटर अधूनमधून चुकत होता. पेटीतून ४८ नग गेले तर तो ५१ दाखवायचा. इलेक्ट्रिशियनने सेन्सर दोनदा बदलला होता. मुलीने उतरवलेल्या तक्त्यात वेळा एकाखाली एक आल्या आणि तिने मला विचारलं, "बाबा, हा काउंटर फक्त सकाळच्या शिफ्टलाच का चुकतो?" सकाळच्या शिफ्टला शेजारचा मिक्सर चालतो. मिक्सरची मोटर ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर आहे, आणि त्या मोटरची पॉवर केबल आणि सेन्सरची बारीक सिग्नल केबल एकाच ट्रेमधून नेलेल्या होत्या. ड्राइव्ह व्होल्टेज फार भराभर चालू-बंद करतो, त्यामुळे शेजारच्या तारेत खोटे पल्स उमटतात आणि काउंटर ते नग म्हणून मोजतो. हे आमच्या इलेक्ट्रिशियनला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर वेळा कुणी ठेवल्या नव्हत्या. त्याने सिग्नलची केबल वेगळ्या वाटेने घेतली, शील्डेड, म्हणजे धातूचं आवरण असलेली टाकली, शील्ड पॅनलच्या बाजूला अर्थ केली. काउंटर बरोबर चालायला लागला.

त्या रात्री मुलीने पहिल्या वर्षाचं फिजिक्सचं पुस्तक काढलं आणि इंडक्शनचा धडा पुन्हा वाचला. परीक्षा होऊन गेली होती, कुणी वाच म्हटलं नव्हतं. मला म्हणाली, "हे मी पाठ केलं होतं. हे खरंच असतं हे माहीत नव्हतं."

तिचं हे वाक्य मी तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं.

तिने काही शोध लावला असा माझा दावा नाही. बापाचं कौतुक म्हणून सोडून द्या हवं तर. माझं म्हणणं इतकंच, की पहिल्या वर्षाच्या मुलाकडे वेळ असतो, कुतूहल असतं आणि "असंच असतं" म्हणायची सवय अजून लागलेली नसते. रजिस्टर उतरवणं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मापं घेऊन लिहिणं, ड्रॉइंग हातात घेऊन मशीन कुठे जुळतं ते पाहणं, एनर्जी मीटरचे आकडे रोज टिपणं, स्टोअरमधल्या सुट्या भागांना टॅग लावणं. एवढं काम कुठल्याही कारखान्यात पडून असतं आणि त्याला तिसऱ्या वर्षाचं ज्ञान लागत नाही.

माझी दुसरी तक्रार वेळेची. तिसऱ्या वर्षी या म्हणता, पण तोपर्यंत ठरवायचं ते ठरून गेलेलं असतं. बारावीनंतर आमच्या मुलांनी शाखा कशी निवडली ते तुम्हालाही ठाऊक आहे. जिथे नंबर लागला ती शाखा. शेजारच्याचा मुलगा कंप्युटरला गेला म्हणून कंप्युटर. सिव्हिल म्हणजे उन्हात उभं राहणं, मेकॅनिकल म्हणजे हात काळे करणं, एवढ्याच माहितीवर १८ वर्षांचं मूल चार वर्षांचा निर्णय घेतं. पहिल्या वर्षाचा अभ्यास सगळ्या शाखांना जवळजवळ सारखाच असतो: गणित, फिजिक्स, ग्राफिक्स, वर्कशॉप, प्रोग्रामिंग. काही ठिकाणी वर्षाच्या शेवटी मार्कांवर आणि रिकाम्या जागांवर शाखा बदलूनही मिळते. म्हणजे आपल्याला काय आवडतं हे पाहायची वेळ हीच. तिसऱ्या वर्षी एखाद्याला कळलं की आपल्याला सर्किट नको, यंत्र हवं होतं, तर त्याने त्या कळण्याचं करायचं काय?

नियमांचं कारण पुढे करू नका अशी विनंती आहे. एआयसीटीईच्या, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या परिषदेच्या, इंटर्नशिप धोरणाने दुसऱ्या सेमिस्टरनंतरची सुट्टी वगळलेली नाही, तिथे संस्थेतल्या आणि दुसऱ्या संस्थांबरोबरच्या उपक्रमांना जागा ठेवली आहे. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला तीन आठवड्यांचा जो इंडक्शन कार्यक्रम, म्हणजे नव्या मुलांच्या ओळखीचा कार्यक्रम सांगितला आहे, त्यात आसपासच्या परिसराला भेटी देण्याचाही समावेश आहे. माझ्या मुलीच्या तुकडीचा तो कार्यक्रम सभागृहात बसून भाषणं ऐकण्यात गेला.

सरकारी योजना पाहा म्हणून सांगणारेही भेटले. मी पाहिल्या. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ साली सुरू झाली तेव्हा तिची वयाची अट २१ ते २४ ठेवली होती, आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना तिच्यात जागा नव्हती. अ‍ॅप्रेंटिसशिप बहुतेक डिग्री-डिप्लोमा झाल्यावरची किंवा आमच्यासारख्या आयटीआयवाल्यांची. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. त्याच्यासाठी तुमच्या पत्राशिवाय दुसरा कागद नाही.

आता कारखानदारांशी बोलतो. मी तुमच्याच बाजूला उभा राहून २६ वर्षं काम केलंय, त्यामुळे तुमच्या अडचणी मला सांगायला नकोत. अपघात झाला तर? बहुतेक मुलं १८ पूर्ण झालेली असतात, कायद्याने प्रौढ असतात. चालत्या मशीनला हात लावायचा नाही ही अट घाला, अपघात विमा कॉलेजने काढावा, सेफ्टी शूज आणि हेल्मेट तुम्ही द्या. लक्ष कोण ठेवणार? एका माणसाचं नाव कागदावर लिहा. फोरमन असेल, सुपरवायझर असेल, स्टोअरकीपर असेल. आम्हाला कुणी शिकवायला सांगितलं की आम्हाला बरं वाटतं, हे कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल.

आणि तिसऱ्या वर्षाची जी मुलं तुम्ही घेता, त्यांचं काय होतं तेही एकदा खाली येऊन बघा. मी पाहिलेली निम्मी मुलं दिवसभर कँटीनमध्ये मोबाइल घेऊन बसलेली असायची, कारण त्यांना कुणाकडे पाठवायचं हेच ठरलेलं नसायचं. शेवटच्या दिवशी आदल्या वर्षीचा रिपोर्ट मागायची आणि तारीख बदलून टाइप करायची. मी तो रिपोर्ट काढून दिलाय. चूक माझीही आहे. त्या मुलांनी पहिल्या वर्षी एकदा जरी शॉप फ्लोअर पाहिला असता, तर तिसऱ्या वर्षी काय विचारायचं हे त्यांना कळलं असतं.

फर्मागुढीच्या पठारावरचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ साली सुरू झालं, गोवा मुक्तीला सहा वर्षं होत असताना. त्याच पठारावर पुढे एनआयटी आली, मग आयआयटी आली. झुआरीनगरला बिट्स आहे, वेर्ण्याला, फातोर्ड्याला, शिरोड्याला, आसगावला कॉलेजं आहेत. दुसऱ्या बाजूला वीसहून जास्त औद्योगिक वसाहती आहेत. एवढ्याशा राज्यात कॉलेज आणि कारखाना यांच्यात कितीसं अंतर असणार? फर्मागुढीहून कुंडईला किंवा बेतोड्याला बसने जायला फार वेळ लागत नाही. तरी आमची मुलं चार वर्षं शिकतात आणि पुणे किंवा बंगळूरला जातात, आणि आपल्या गावाशेजारच्या वसाहतीत काय तयार होतं हे त्यांना सांगता येत नाही.

खाजगी कारखान्यांवरच सगळं ढकलू नये हेही मला कळतं. फोंडा आणि तिसवाडी ज्या ओपाच्या प्रकल्पाचं पाणी पितात, तिथे पंप आहेत, फिल्टर आहेत, पाण्याची तपासणी आहे. कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, कार्यशाळा आहेत. वीज खात्याची उपकेंद्रं तालुक्यातालुक्यात आहेत. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सगळ्या शाखांचं काम आपल्याच पैशाने रोज चाललेलं असतं. तिथे दहा दिवस चार मुलं वही घेऊन उभी राहिली तर बिघडतं काय?

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक. पहिल्या वर्षाला शिफारसपत्र नाही, हा नियम जिथे जिथे लेखी किंवा तोंडी आहे तिथे मागे घ्या. जो विद्यार्थी पत्र मागेल त्याला ते तीन दिवसांत द्या. त्यात कारखान्याने त्याला नोकरी द्यावी असं काही लिहायचं नाही. हा आमचा विद्यार्थी आहे आणि त्याने काम पाहावं असं आम्हाला वाटतं, एवढं लिहा.

दोन. दुसऱ्या सेमिस्टरनंतर १० ते १२ दिवसांचा कामाचा परिचय ठेवा. त्याला इंटर्नशिप म्हणायचं नसेल तर म्हणू नका. स्टायपेंड मागत नाही. रोज काय पाहिलं ते मुलाने वहीत हाताने लिहावं आणि ज्याच्या हाताखाली तो होता त्या माणसाने सही करावी.

तीन. जागा ओळखीवर वाटू नका. प्रत्येक वसाहतीतल्या कारखान्यांनी दोन-दोन जागा जरी दिल्या, तरी कॉलेजांनी त्या घराजवळच्या तालुक्याप्रमाणे आणि चिठ्ठी काढून वाटाव्यात. सत्तरीच्या मुलीला होंडा, डिचोलीच्या मुलाला डिचोली, पेडण्याच्या मुलाला तुये. सत्तरीहून वेर्ण्याला रोज जायचं तर फोंडा आणि मडगाव करत निम्मा दिवस बसमध्ये जातो, आणि मुलीच्या घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. माझी स्वतःची मुलगी या चिठ्ठीत मागे पडली तरी चालेल.

चार. विकत मिळणाऱ्या सर्टिफिकेटांना पॉइंट देणं थांबवा, आणि पहिल्याच महिन्यात मुलांना वर्गात स्पष्ट सांगा: जो आधी पैसे मागतो, मुलाखत न घेता ऑफर लेटर पाठवतो, शिकवणाऱ्याचं नाव सांगत नाही आणि शिफारसपत्राचे वेगळे पैसे लावतो, तो इंटर्नशिप देत नाही. ऑनलाइनच शिकायचं असेल तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमाचे आयआयटीतल्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, ते शिकायला पैसे पडत नाहीत, शुल्क फक्त परीक्षेचं. हे माझ्या मुलीच्या मैत्रिणीला वर्षभरात कुणीही सांगितलं नव्हतं. तिचे ३,५०० रुपये वाचले असते.

पाच. कॉलेजच्या आतली दारंही उघडा. चौथ्या वर्षाच्या मुलांच्या प्रोजेक्टवर पहिल्या वर्षाचं एक मूल मदतनीस म्हणून घ्या. सोल्डरिंग करील, मापं लिहील, बसून ऐकेल. याला कुठल्याही कारखान्याची परवानगी लागत नाही आणि हे उद्यापासून करता येतं.

आमच्या मॅनेजर साहेबांशी मी बोललो आहे. मुलीने उतरवलेला तक्ता त्यांनी पाहिला. पुढच्या वर्षी दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा झाली की पहिल्या वर्षाच्या चार मुलांना आमच्या मेंटेनन्स विभागात १२ दिवस घ्यायला त्यांनी मान्यता दिली आहे. चारही जागा बाहेरच्यांसाठी, कारखान्यातल्या कुणाच्याही मुलांसाठी नाहीत, असं मी त्यात मुद्दाम लिहून घेतलं. जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव आहे. ते पत्र कंपनीच्या शिक्क्यासह मुलीच्या कॉलेजच्या ऑफिसात गेल्या सोमवारी दिलं आणि पोचपावती घेतली. बाकीच्या कॉलेजांना हवं असेल तर त्यांनाही पाठवतो.

उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
कुंडईचा एक फोरमन, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा बाप
माशेल, फोंडा, गोवा